आदर्श वजन तक्ता (धाराशिव जिल्हा)

आदर्श वजन तक्ता : उंचीसमोर ‘असायला हवे’ असे वजन मांडणारे कोष्टक. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तो दवाखान्याच्या भिंतीवर, औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्याशेजारी, विमा एजंटाच्या फाइलमध्ये, व्यायामशाळेत आणि अलीकडे मोबाइलच्या ॲपमध्ये भेटतो. डावीकडे उंची, उजवीकडे किलो. आपली ओळ शोधायची, वजाबाकी करायची आणि ‘मला नऊ किलो कमी करायचेत’ असे म्हणत घरी जायचे, अशी त्याची वापरण्याची रीत. वजन धोक्याच्या बाजूला झुकले आहे का, हे पाहायला तक्ता उपयोगी आहे. नेमके किती किलोवर जायचे हे त्याला विचारणे मात्र बहुतेकांच्या बाबतीत फसते. कारण तो ज्यांची मापे घेऊन बनला ती माणसे वेगळी होती, आणि ज्या कामासाठी बनला ते कामही वेगळे होते.

तक्ता जन्मला विमाकंपनीच्या कचेरीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी उंची-वजनाची कोष्टके काढली. कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांचा त्यामागे पुढाकार होता. विमा उतरवलेल्यांपैकी कोणत्या वजनाच्या लोकांत मृत्यूचे प्रमाण कमी होते, एवढेच त्यात पाहिले होते. लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने होते, पण बांधा ठरवायचा कसा हे सांगितलेलेच नव्हते. कोपराची रुंदी मोजून तो ठरवण्याची सोय १९८३ च्या आवृत्तीत आली. या आवृत्तीतली उंची एक इंच टाचेच्या बुटांसह धरलेली आहे, आणि पुरुषांच्या वजनात पाच पौंड कपड्यांचे आहेत. वहाणा दाराशी काढून काट्यावर चढणारा माणूस या कोष्टकात स्वतःची ओळ शोधायला गेला, तर पहिली चूक तिथेच होते. नावाचीही एक गंमत आहे. पहिल्या कोष्टकांतले वजन ‘आदर्श’ होते, १९५९ मध्ये ते ‘इष्ट’ झाले आणि १९८३ मध्ये कंपनीने दोन्ही विशेषणे गाळून नुसते ‘उंची-वजन कोष्टक’ म्हटले. मराठीत मात्र पहिलाच शब्द घट्ट चिकटला.

तोंडी हिशोबाची सूत्रेही चालतात. सर्वांत सोपे पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखले जाते : सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा. १६५ सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच फूट पाच इंचांच्या पुरुषाचे उत्तर येते ६५ किलो. दुसरे सूत्र डिव्हाइन यांचे, १९७४ चे. पाच फुटांना पुरुषासाठी ५० आणि स्त्रीसाठी ४५.५ किलो, पुढे दर इंचाला २.३ किलो. त्याच पुरुषाला ते ६१.५ किलो सांगते. हे सूत्र औषधाची मात्रा काढण्यासाठी मांडले गेले होते. माणसाने किती बारीक व्हावे हा त्याचा विषयच नव्हता. शिवाय ते सुरूच पाच फुटांपासून होते. जिल्ह्यातल्या कितीतरी बायका पाच फुटांच्या आतल्या आहेत; त्यांच्या वाट्याला त्या सूत्रात ओळच येत नाही.

आज सरकारी आणि खासगी दवाखान्यांत या सगळ्यांच्या जागी बीएमआय आला आहे : किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकातल्या आडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाचे. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले, तेही लोकसमूहांचा अभ्यास करायला सोयीचे माप म्हणून. १८.५ ते २४.९ हा ‘योग्य’ पट्टा जगभर चालतो. पण २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांत धोका २३ पासूनच वाढू लागतो असे नोंदवले, आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ च्या पुढे जास्त वजन व २५ पासून लठ्ठपणा अशी रेघ ओढली. आता वरच्याच पुरुषाकडे परत या. ब्रोकाच्या सूत्राने त्याचे ६५ किलो ‘आदर्श’ आहेत, तर भारतीय बीएमआयच्या मापाने (२३.९) तेच वजन जास्त आहे. एकाच भिंतीवर दोन तक्ते टांगले, तर तोच माणूस एकात पास आणि दुसऱ्यात नापास.

या गोंधळाचे मूळ सर्वांत स्पष्ट दाखवणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाचा तक्ता काय पाहू शकत नाही, हे सांगायला याहून चांगले चित्र अजून तरी निघालेले नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात तक्ता दोन्ही अंगांनी चुकतो. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतून दर वर्षी ऊसतोडीला माणसे जातात. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालेले जोडपे उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मधल्या काळात पहाटेपासून तोड, डोक्यावर मोळी, ट्रॉली भरणे. समजा, अशा एका बाईची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो आहे. बीएमआय साडेएकोणीसच्या थोडा वर. तक्ता म्हणतो, ठीक. तिचे रक्त किती, हंगामात वजन किती उतरले, हे तो विचारत नाही. दुसरा समजा कापडाच्या गादीवर बसणारा; १६५ सेंटिमीटर, ६२ किलो, बीएमआय २२.८. त्यालाही तक्ता ठीकच म्हणतो, पण पोटाचा घेर ९४ सेंटिमीटर आहे. तिसरा बाजार समितीतला हमाल, सोयाबीनची गोणी पाठीवर टाकून ट्रक भरणारा. उंची तीच, वजन ७०, कंबर ८२. तक्त्यात लठ्ठ ठरतो तो हाच. राज्याचे चित्रही असेच दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच स्त्रियांत साधारण एक कमी वजनाची, तर चारांत जवळपास एक जास्त वजनाची निघाली. ‘वजन कमी करा’ हा एकच सल्ला गावभर वाटला, तर तो यांतल्या एकीला हवा असतो आणि दुसरीला घातक.

जनावरांच्या बाबतीत ही चूक इथे कोणी करत नाही, हे नमूद करण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी काळी, काटक, आखूड चाऱ्यावर निभावणारी. पूर्ण वाढलेली मादी साधारण तीस-पस्तीस किलोंची. जमनापारी तिच्याहून बरीच उंच आणि वजनदार. म्हणून उस्मानाबादी शेळी ‘कमी भरली’ असे बाजारात कोणी म्हणत नाही. शेळीला तिच्या जातीचे माप आणि माणसाला न्यूयॉर्कचे, हा प्रकार मजेशीर खरा.

देशी आकड्यांनाही जपून हाताळावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ‘संदर्भ पुरुष’ ६५ किलोंचा आणि ‘संदर्भ स्त्री’ ५५ किलोंची धरली. आधी, २०१० मध्ये, हे आकडे ६० आणि ५५ होते. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी ‘भारतीयांचे आदर्श वजन वाढले’ अशा थाटात दिली. प्रत्यक्षात त्या पुरुषाची उंची १७७ आणि स्त्रीची १६२ सेंटिमीटर धरलेली आहे. इथल्या सरासरीहून दोन्ही बऱ्याच जास्त. चांगले पोषण मिळालेली वाढ डोळ्यांसमोर ठेवून रोजच्या प्रथिनांचा आणि उष्मांकांचा हिशोब करायला ती कल्पित माणसे आहेत. दीडशे सेंटिमीटरच्या बाईने ५५ किलोंचे लक्ष्य धरले, तर तिचा बीएमआय २४.४ होईल.

मुलांचा तक्ता या सगळ्यांपासून वेगळा काढायला हवा, कारण त्याची जातकुळीच निराळी आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. तान्ह्या मुलाला झोळीत घालून साल्टर काट्याला लटकवले, की ते हातपाय झाडते, काटा थरथरतो, आणि तो थांबेपर्यंत ताई आकडा लिहीत नाहीत. रंगीत पट्टे असलेला हा वाढीचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आधारलेला आहे. ती मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, स्तनपानावर वाढलेल्या निरोगी मुलांवरून ठरली; भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. इथे एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, रेघ वर चालली आहे की आडवी झाली, हे पाहायचे असते. म्हणजे मुलाची तुलना मुख्यतः त्याच्याच मागच्या महिन्याशी. मोठ्यांच्या तक्त्यात नेमकी हीच गोष्ट नाही. २००५ मध्ये औरंगाबादहून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने मराठवाड्यात या नोंदींकडे लक्ष वेधले. पुढे २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्याबरोबर उस्मानाबादही आले, आणि कमी वजनाची बालके हा जिल्ह्याच्या गुणपत्रिकेतला एक रकाना झाला.

मोठ्या माणसाने लक्ष्य ठरवताना आरंभ तक्त्यातल्या ओळीवरून न करता स्वतःच्या आजच्या वजनावरून करावा, असे आता बहुतेक डॉक्टर सांगतात. सहा महिन्यांत पाच ते दहा टक्के घट झाली, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. १६५ सेंटिमीटर उंचीचा, ८० किलोंचा माणूस घ्या. ब्रोकाचा तक्ता त्याला १५ किलो उतरवायला लावतो. दोन महिन्यांत तीन किलो गेल्यावर ‘अजून बारा’ या विचारानेच तो चालणे सोडतो. टक्क्यांच्या हिशोबाने त्याचे लक्ष्य चार ते आठ किलोंचे आहे. ७४ वर आला, तरी तक्त्यात तो लठ्ठच राहील, पण प्रकृतीने पुष्कळ कमावलेले असेल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर याहून पुढची गोष्ट दिसली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणे सुधारले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. वजन मात्र जवळपास होते तिथेच राहिले. काट्याकडेच पाहणाऱ्याने हा प्रयत्न वाया गेला असे म्हटले असते.

मराठवाड्यात २०१८ च्या सुमारास दिवसातून दोनदाच जेवण्याची लाट आली. कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची, प्रसार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा. पद्धतीविषयी मतभेद आहेत, पण वजनाबरोबर पोटाचा घेर आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी तपासायची सवय या लाटेने अनेकांना लावली, हे मान्य करावे लागते. नवरात्रात तुळजापूरला पायी जाऊन नऊ दिवस उपास करणाऱ्यांचे वजन उतरते अशी समजूत आहे; साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याचे कूट यांचा हिशोब मांडला, की तिची वाट लागते. चार दिवसांत उतरलेले दोन किलो बहुतेक पाणीच असते.

२०२५ च्या आरंभी भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची व्याख्या पुन्हा मांडली. आकड्याबरोबर पोटावरची चरबी आणि त्यातून उद्भवलेले आजार पाहून आता दोन टप्पे ठरवले जातात. घराच्या घरी करता येण्याजोगे माप एकच : पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीचा ८० च्या आत. पँटचा नंबर इथे चालत नाही; पोट सुटले की पँट बेंबीखाली चार बोटे उतरते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, शिंप्याकडची साधी टेप, उभे राहून, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेले माप धरू नये.