बंगला टॅक्स

परवा भावाशी फोनवर बोलताना मुद्रांक शुल्कावरून गाडी लॉस एंजेलिसच्या ‘मॅन्शन टॅक्स’वर घसरली. "श्रीमंतांनी बंगला विकला तर पालिकेला थोडं द्यावं, बिघडलं कुठे?" तो म्हणाला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण यातली गोम कळायला १९७८ पर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग घरपट्टीही. वैतागलेल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. मूळ घरपट्टी किमतीच्या एक टक्का, आणि कागदावरची किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. बाजारभावाने नवी आकारणी कधी? तर मुख्यतः मालमत्ता विकली गेली की. म्हणजे घर न विकता बसून राहणार्‍याला बक्षीसच! पालिका आणि शाळांनी वाट बघायची, कोणी विकतंय का म्हणून.

आणि नोव्हेंबर २०२२ मधे लॉस एंजेलिसने नेमकी विक्रीच महाग केली. ‘मेझर यूएलए’ला जवळजवळ ५८ टक्के मतं पडली. १ एप्रिल २०२३ पासून ५० लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर ४ टक्के, एक कोटीपासून पुढे साडेपाच टक्के. (हे आकडे पुढे महागाईप्रमाणे वाढत गेले.) हेतू चांगला होता: परवडणारी घरं बांधायची, भाडं थकलेल्यांना आधार द्यायचा.

पण कर पूर्ण किमतीवर. ५० लाखांना विकलं तर शून्य, वर एक डॉलर मिळाला तर दोन लाखांचा भुर्दंड! नफा झाला की तोटा, याच्याशी देणंघेणं नाही. आणि नाव बंगल्याचं असलं तरी भाड्याच्या इमारती, दुकानं, गोदामं, सगळंच त्यात. मला खटकतं ते हे. भाड्याची इमारत बांधणारा ती पुष्कळदा बांधून विकतो. साडेपाच टक्के तिथेच गेले तर तो शेजारच्या पालिकेत बांधेल, नाहीतर बांधणारच नाही. न बांधलेल्या घरातला भाडेकरू कोणत्या मोजणीत येणार?

मार्च २०२३ मधे विकणार्‍यांची झुंबड, एप्रिलमधे शुकशुकाट. वर्षाला किमान ६० कोटी डॉलरची अपेक्षा होती, पहिल्या वर्षी निम्मेही जमले नाहीत. यूसीएलएच्या संशोधकांनी २०२५ मधे दाखवलं की अशा मोठ्या विक्रीची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत घटली. विक्री नाही म्हणजे नवी आकारणी नाही, म्हणजे घरपट्टीही जुनीच. एका खिशात आलं, दुसर्‍यातून गळलं. अर्थात जमलेल्या पैशातून काही कुटुंबांचं छप्पर वाचलं, हेही खरंच.

"मग तो १९७८ चा कायदाच का नाही बदलत?" भावाने विचारलं.

२०२० मधे प्रयत्न झाला होता, तोही फक्त मोठ्या दुकानं-कचेर्‍यांपुरता. ५२ टक्के मतदार नाही म्हणाले.