तळटीप १४ : सी.पी.

१४. सी.पी. : इथे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’, म्हणजे मध्य प्रांत. नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून इंग्रजांनी तो १८६१ साली बनवला, राजधानी नागपूर. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेले वऱ्हाड १९०३ पासून याच कारभाराला जोडले गेले, तरी त्यावरची निजामाची मालकी नावापुरती राहिलीच. ‘सी.पी. अँड बेरार’ या जोडनावातला ‘अँड’ त्यामुळे आला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे सी.पी.चे, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ बेरारचे. बोलताना मात्र सगळ्यालाच सरसकट सी.पी. म्हणत. लेखकाचे काका ‘सी.पी.त मास्तर’ होते आणि त्यांची पत्रे अमरावतीहून येत, यात म्हणूनच विसंगती नाही.

पुढच्याच प्रकरणात काका ‘ट्रामने सी.पी. टँकला’ उतरतात. त्या सी.पी.चा प्रांताशी काडीचाही संबंध नाही. गिरगावाजवळच्या या नाक्याला कावसजी पटेल या पारशी गृहस्थांनी बांधवलेल्या तलावाचे नाव आहे. तलाव केव्हाच बुजवला गेला. शेवटच्या प्रकरणातले ‘सी.पी.साहेब’ हे पोलीस कमिशनर, आणि दिल्लीच्या पत्रातले सी.पी. म्हणजे कॅनॉट प्लेस. डॉक्टरांच्या तोंडी हीच अक्षरे सेरेब्रल पाल्सीसाठी येतात, पण या पुस्तकात तो अर्थ कुठेही नाही.

१९५० साली प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले. वरचे आठही मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले.