भोंगा फिरला, गाडी आली नाही

२ जून २०२०. दुपारची वेळ. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या बौद्धवाडीच्या तोंडाशी रिक्षा आली. वर भोंगा बांधलेला. "उद्या चक्रीवादळ येणार आहे. कच्च्या घरातल्या लोकांनी शाळेत जावं." दोनदा ओरडून रिक्षा वळली. वाडीत शिरली नाही. शिरणार कशी? रस्ता वाडीच्या तोंडाशीच संपतो.

शाळा गावात. गाव दोन-अडीच किलोमीटरवर. कोरोनाची टाळेबंदी, एस.टी. बंद. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. ती म्हणाली, "मी नाय येत. तुमी पोरांना घेऊन जा. शेळीला कोन बघंल?" रात्रभर हेच चाललं. वारा पडलेला, एक पान हलत नव्हतं. जावं की राहावं? वादळ आलंच नाही तर लोक हसतील. आलं आणि आपण इथंच असलो तर? सकाळी पाऊस सुरू झाल्यावर आम्ही दोघा भावांनी आईला खुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले आणि निघालो.

शाळेच्या खोल्या भरलेल्या होत्या. आम्हाला व्हरांडा. 'तुम्ही बाहेर बसा' असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. दुपारी व्हरांड्याचे पत्रे उडायला लागले, तेव्हा आतल्या एका बाईनं कडी काढली आणि आईला दंडाला धरून आत घेतलं. तेही लिहून ठेवलं पाहिजे. निसर्ग वादळ गेलं. आम्ही जगलो. शेळी मेली.

पण एक प्रश्न डोक्यात राहिला. 'जा' म्हणणं सोपं आहे. जायचं कशानं, कुठं, आणि तिथं गेल्यावर दार कोण उघडणार? हा प्रश्न फक्त आमच्या वाडीचा आहे काय? मित्रांनो, मी वाचत गेलो आणि समुद्रापलीकडं, अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आपलीच वाडी मला पुन्हा पुन्हा भेटली.

त्या काळ्या लोकांशी आपलं नातं नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला 'पँथर' हे नाव घेतलं तेही तिकडूनच. तेव्हा त्यांच्या वादळांचा इतिहास हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

पहिली गोष्ट १९२८ ची. फ्लोरिडात ओकीचोबी नावाचं अवाढव्य तळं आहे. त्याच्या दक्षिणेची काळी, कसदार जमीन पाणी काढून लागवडीखाली आणलेली. तळं अडवायला मातीचा पाच-सहा फुटांचा बांध. बांधाच्या खाली ऊस, घेवडा, भाजीपाला. तिथं राबणारे हजारो काळे मजूर हंगामाला आलेले, काही बहामा बेटांवरून. मालकाची जमीन, मालकाची खोपटी. उसाच्या फडावर कोप्या घालून राहणाऱ्या आपल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको.

१३ सप्टेंबरला त्या वादळानं पोर्तो रिको झोडपलं. तीन दिवसांनी, १६ तारखेला, रविवारी ते फ्लोरिडावर येणार होतं. तळ्याकाठच्या लोकांना सकाळी सांगितलं गेलं की उंचावर जा. बरेच जण गेले. वाट पाहिली. सांगितलेल्या वेळेला वादळ आलं नाही. लोकांना वाटलं, चुकलं, दुसरीकडं गेलं. पोरं भुकेली, सामान उघडं. माणसं परत आपापल्या खोपटात आली. आणि त्याच रात्री वादळ आलं. वाऱ्यानं तळंच उचलून दक्षिणेला लोटलं, मातीचा बांध वाहून गेला. काही ठिकाणी पाणी वीस फुटांपर्यंत चढलं. अंधारात, झोपेत माणसं गेली.

किती गेली? सरकारी आकडा कित्येक वर्षं १,८३६ होता. २००३ साली, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी, तो 'किमान २,५००' केला गेला. मेलेल्यांत बहुसंख्य काळे मजूर. हंगामाला आलेल्याचं नाव कुठल्या वहीत असणार? ज्याची जिवंतपणी नोंद नाही, तो मेल्यावर मोजायचा कसा?

आता पुढचं ऐका. प्रेतं गोळा करायला वाचलेल्या काळ्यांनाच जुंपलं, बंदुकीच्या धाकानं. शवपेट्या कमी होत्या, त्या गोऱ्यांसाठी राखल्या. वेस्ट पाम बीच शहरात ६९ गोरी प्रेतं रीतसर दफनभूमीत पुरली. ६७४ काळी प्रेतं एका मोकळ्या जागेतल्या खड्ड्यात गेली. त्या खड्ड्यावर दगड नाही, पाटी नाही. पुढं ती जागा विकलीसुद्धा गेली. २००० साली शहरानं ती परत घेतली. पाण्यात फुगून कातडीचा रंगसुद्धा नीट कळत नव्हता, तरी माणसं प्रेतांची जात शोधत होती. आपल्याकडं गावाची मसणवाट वेगळी आणि आपली वेगळी. इथं कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

त्या खड्ड्यावर पाटी नव्हती तेव्हा त्याची आठवण कुणी ठेवली? झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेनं. १९३७ च्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीत ते वादळ आहे, आणि गोरी-काळी प्रेतं वेगळी काढायला लावणारे पहारेकरीही आहेत. सरकारी कागदानं जे गाळलं ते एका बाईच्या कादंबरीनं धरून ठेवलं. जे मित्र विचारतात की आपण ही चार पानं स्टेन्सिलवर कापून, शाईनं हात काळे करून काय मिळवतो, त्यांना माझं हे उत्तर आहे.

१९२८ च्या आदल्याच वर्षी मिसिसिपी नदीला महापूर आला. तिथं लोकांना जायला जमलं नाही असं नव्हतं, त्यांना जाऊ दिलं नाही. ग्रीनव्हिल गावाजवळ बांध फुटला आणि हजारो काळी कुळं उरलेल्या अरुंद बांधावर अडकली. बोटी आल्या. पण कापसाच्या मळेवाल्यांना भीती पडली की ही माणसं एकदा गेली तर परत राबायला येणार नाहीत. बोटींनी मूठभर गोऱ्या बायका-पोरांना नेलं. काळे बांधावरच राहिले, बंदूकवाल्यांच्या पहाऱ्यात. अंगावर बिल्ला असेल त्यालाच शिधा, आणि बिल्ला काम करील त्याला. पूर निसर्गाचा होता, हे मान्य. बोट रिकामी परत पाठवणं निसर्गाचं होतं काय?

कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी झाल्या. ठीक आहे. २००५ घ्या.

न्यू ऑर्लिन्स शहर. वस्ती पावणेपाच-पाच लाखांच्या घरात, त्यात दोन-तृतीयांश काळे. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, बांधांच्या आधारानं उभा. कटरीना वादळ मेक्सिकोच्या आखातात चढत चाललं होतं. २८ ऑगस्टला, रविवारी सकाळी, महापौरांनी हुकूम काढला की सगळ्यांनी शहर सोडावं. हवामान खात्याची सूचना इतकी स्पष्ट होती की भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही, असं तीत लिहिलेलं. म्हणजे इशारा नव्हता असं कुणी म्हणू नये. इशारा उत्तम होता. हमरस्त्याच्या सगळ्या पट्ट्या बाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या. दहा लाखांहून जास्त माणसं त्या भागातून बाहेर पडली.

कशानं पडली? स्वतःच्या मोटारीनं. आणि शहरातल्या चारातल्या एकाहून जास्त घरांत मोटार नव्हती. अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं? पुरतं ठाऊक होतं. वर्षभर आधी, जुलै २००४ मध्ये, त्यांनी 'पॅम' नावाचं काल्पनिक वादळ धरून रंगीत तालीम केली होती. लाखभर लोकांजवळ वाहन नाही, हा हिशेब कागदावर मांडलेला होता. कागद फायलीत राहिला. शाळांच्या पिवळ्या बसगाड्या ओळीनं आवारात उभ्या राहिल्या आणि तिथंच पाण्यात बुडाल्या. त्या बसगाड्यांचे फोटो जगानं पाहिले.

दुसरी गोष्ट तारखेची. २८ तारीख. महिनाअखेर. गरिबाचा पगार, पेन्शन, मदतीचा चेक १ तारखेच्या आसपास येणार. खिशात पेट्रोलपुरते पैसे नाहीत, मग परगावी लॉजचं भाडं कुठून? महिनाअखेर म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तोच विचारतो की 'ही माणसं गेली का नाहीत?' टीव्हीवर बसून पुष्कळांनी तसं विचारलं.

लाखभर माणसं मागं राहिली. त्यातली दहाएक हजार त्या रात्री सुपरडोम नावाच्या क्रीडागृहात रांगा लावून शिरली. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, औषधाच्या पिशव्या. रात्रभर वाऱ्याचा आवाज ऐकत बसली. सकाळी वाऱ्यानं छपराचा काही भाग सोलून काढला. २९ ऑगस्टला वादळ किनाऱ्याला लागलं आणि बांध फुटले. एक-दोन नव्हे, पन्नासांहून जास्त ठिकाणी. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हे बांध केंद्र सरकारच्या लष्करी इंजिनियरांनी बांधलेले. त्यांच्या रचनेत दोष होते हे त्या खात्यानं २००६ साली स्वतः कबूल केलं. तेव्हा कटरीनानं शहर बुडवलं असं म्हणताना जपून. शहर बुडवलं ते कच्च्या बांधानं.

पुढचे दिवस सगळ्यांना आठवतात. कन्व्हेन्शन सेंटरवर हजारो माणसं अन्नपाण्यावाचून. १ सप्टेंबरला काही लोक चालत पूल ओलांडून पलीकडच्या ग्रेटना गावाकडं निघाले, तर तिथल्या पोलिसांनी डोक्यावरून गोळ्या झाडून त्यांना परत फिरवलं. गावाची वेस! ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी नि:शस्त्र काळ्या माणसांवर गोळीबार केला. दोन ठार, चार जखमी. खटला रखडत रखडत २०१६ साली आरोपी पोलिसांनी गुन्हा कबूल केला.

इथं एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. आपला मुद्दा पक्का करायला आकडे वाकवायचे नाहीत. कटरीनात फक्त काळे मेले असं नाही. मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८०० च्या वर सांगत, तो २०२३ साली तपासून १,३९२ केला गेला. लुईझियानातल्या मृतांत निम्म्याच्या आसपास काळे होते, बरेच गोरेही होते. आणि जवळजवळ निम्मे मृत पंचाहत्तरीच्या पुढचे. म्हणजे माझ्या आईच्या वयाचे. ज्यांना खुर्चीत बसवून न्यायला लागतं ते. रंग आणि गरिबी तर आहेच, पण चालता न येणारा माणूस सगळ्यांत आधी विसरला जातो. चळवळीतल्या तरण्या पोरांनी हे विसरू नये.

आणि पाणी ओसरल्यावर? घरदुरुस्तीची सरकारी मदत आली, ती वादळापूर्वीची घराची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यात जी रक्कम कमी असेल तिच्या हिशेबानं. काळ्या वस्तीतल्या घराला बाजारात किंमत कमी, म्हणून मदत कमी. सिमेंट आणि सुतार मात्र सगळ्यांना एकाच भावानं. कोर्टकज्जे होऊन २०११ साली तडजोड झाली. तोवर कित्येक कुटुंबं परगावीच राहिली. आमच्याकडं निसर्ग वादळानं सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या. ज्याची वाडी त्याचा पंचनामा. त्या वाडीत जन्मभर राबलेल्याची मजुरी बुडाली, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

हे असंच चालायचं, असं मात्र समजू नका. क्युबा हा गरीब देश. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान वादळ आलं तेव्हा तिथं एकोणीस लाखांच्या आसपास लोक हलवले आणि एकही माणूस मेला नाही. गल्लीतल्या समितीला माहीत असतं की कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोण आंधळा आहे, आणि न्यायला गाडी येते. आपल्या ओडिशात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळात दहा लाखांच्या घरात लोक आधी हलवले, मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. समुद्र तोच, किनारा तोच. बदलला तो बंदोबस्त.

पण निवाऱ्याचं दार उघडं आहे एवढ्यानं भागत नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीनंतर नागपट्टणमला दलितांना छावण्यांतून, पाण्याच्या टाक्यांपासून दूर ठेवलं गेलं, हे नोंदलेलं आहे. चवदार तळं महाडचं, आमच्याच जिल्ह्यातलं. सत्याग्रह १९२७ चा. पाण्याचा प्रश्न वादळातही सुटत नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या मित्रांनो, पावसाळ्याआधी एक काम करा. भाषण नको. आपल्या वाडीची यादी करा. कोण चालू शकत नाही, कोण बाळंतीण आहे, कुणाचं घर पत्र्याचं, कुणाचं घर नावावर नाही. यादी ग्रामपंचायतीत आणि तहसीलात द्या, पोच घ्या. विचारा, भोंगा कधी फिरेल ते नव्हे, गाडी कधी येईल ते. आणि वादळानंतर आपला पंचनामा आपण लिहा. मेलेली शेळीसुद्धा लिहा.

आमच्या वाडीची यादी झाली आहे. एक्केचाळीस घरं, न चालणारी माणसं नऊ. पहिलं नाव आईचं. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "शेळीचं पन लिव." नवी शेळी आणली आहे. तीही लिहिली.

जयभीम.