ड जीवनसत्त्व व हृद्‌रोग

हाडांच्या पोषणास आवश्यक असलेल्या ड जीवनसत्त्वाचा हृदय व रक्तवाहिन्या यांच्या आरोग्याशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. त्याची कसोशीने तपासणी एकविसाव्या शतकात झाली.

इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून मुडदूस हा रोग कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने टळतो, असे १९१९ च्या सुमारास दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांना जंबुपार किरणांच्या उपचाराने मुडदूस झालेली मुले बरी होतात, असे आढळले. तेलातील हा गुणकारी घटक अ जीवनसत्त्वाहून निराळा असल्याचे अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार होणारे हे द्रव्य यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांत बदल पावून हॉर्मोनासारखे कार्य करते, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. साहजिकच त्याचे कार्यक्षेत्र हाडांपुरतेच आहे काय, याचा विचार सुरू झाला.

हृद्‌रोगाने होणारे मृत्यू हिवाळ्यात वाढतात. या काळात सूर्यप्रकाश कमी मिळत असल्याने ड जीवनसत्त्वाची न्यूनता त्यास अंशतः कारण असावी, असे गृहीतक रॉबर्ट स्क्रॅग यांनी १९८१ मध्ये मांडले. या जीवनसत्त्वाचा ग्राही नसलेल्या उंदरांत रक्तदाब वाढविणाऱ्या रेनिनाचे प्रमाण अधिक असते, असे २००२ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १,७३९ व्यक्तींच्या पाहणीत (२००८) जीवनसत्त्वाची पातळी कमी असलेल्यांत हृद्‌रोगाचा धोका सु. ६२ टक्क्यांनी जास्त आढळला.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही. रुग्ण, स्थूल व वृद्ध व्यक्तींचे उन्हात जाणे कमी असते आणि त्यांना हृद्‌रोगाचा धोकाही मुळातच अधिक असतो. म्हणून प्रत्यक्ष चाचण्या आवश्यक होत्या. स्क्रॅग यांच्याच नेतृत्वाखाली न्यूझीलंडमध्ये ५,१०८ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत दरमहा १ लाख एकके देऊनही हृद्‌रोग कमी झाला नाही (२०१७). ज्यांनी गृहीतक मांडले, त्यांच्याच चाचणीत त्यास पुष्टी मिळाली नाही. अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींच्या चाचणीत रोज २,००० एकके घेणाऱ्या गटात ३९६ व निरौषधी गोळी घेणाऱ्या गटात ४०९ जणांना हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार झाले. हा फरक नगण्य होता.

या चाचण्यांतील बहुतेक व्यक्तींत तीव्र न्यूनता नव्हती. त्यामुळे तीव्र न्यूनतेविषयीचा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही. न्यूनता असल्यास हाडांसाठी ती भरून काढणे अवश्य आहे; परंतु केवळ हृदयाच्या रक्षणासाठी सरसकट हे जीवनसत्त्व घेण्यास आधार नाही. अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून ते वृक्क व रक्तवाहिन्यांत साचू शकते. रक्तदाबाचे नियंत्रण, धूम्रपानाचा त्याग व व्यायाम यांची जागा ड जीवनसत्त्वाची गोळी घेऊ शकत नाही.