निदानावरचा संशय : लक्षण की हक्क?

मधुमेहाचे निदान पटले नाही, तर रुग्ण दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त तपासून घेऊ शकतो. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजेच स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ही सोय नाही. या विकारावर शिक्कामोर्तब करणारी रक्तचाचणी वा मेंदूची प्रतिमा आजही उपलब्ध नाही. त्यातच ‘मला हा आजार नाही’ हे त्याचे म्हणणे पुष्कळदा आजाराचेच लक्षण म्हणून नोंदले जाते. या पेचाच्या इतिहासात भारतालाही स्थान आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ मानले. रुग्णाची अवस्था उत्तरोत्तर खालावत जाते, असे त्यांचे मत होते. १९०८ मध्ये स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले आणि त्याची व्याप्ती वाढवली. पुढे देशोदेशींच्या डॉक्टरांनी हा शब्द आपापल्या अर्थाने वापरला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती अमेरिकी आणि ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या. त्यांतील एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकी तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. ब्रिटिशांपैकी केवळ २ टक्क्यांनी. रुग्ण तोच, शब्दही तेच. निदान मात्र देशाप्रमाणे बदलले. तेव्हा निदानाविषयी संशय घेण्याचे कारण केवळ रुग्णाच्या मनात नव्हते.

ही विसंगती दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत एकाच पद्धतीच्या मुलाखतींचा प्रकल्प हाती घेतला. भारतातील केंद्र आग्र्याचे मनोरुग्णालय होते आणि तेथील कामाची धुरा डॉ. के. सी. दुबे यांच्याकडे होती. एकूण १,२०२ रुग्ण तपासले गेले. १९७३ च्या अहवालाने दाखवून दिले, की समान निकष वापरले तर निरनिराळ्या संस्कृतींतही या विकाराचे निदान सुसंगतपणे करता येते. याच अभ्यासात स्किझोफ्रेनियात सर्वाधिक आढळलेले लक्षण होते ‘आजाराची जाण नसणे’. प्रमाण सुमारे ९७ टक्के. ज्या संशोधनाने निदानाला भक्कम पाया दिला, त्यानेच रुग्णाचा नकार लक्षणांच्या यादीत अग्रस्थानी नेऊन बसवला.

त्याच प्रकल्पाच्या पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती पाश्चात्त्य केंद्रांतील अनेक रुग्णांपेक्षा चांगली होती. क्रेपेलिन यांचे भाकीत सर्वांना लागू नव्हते. सावरलेल्या माणसाच्या मनात मग साहजिकच प्रश्न उभा राहतो : मी बरा झालो, तर मला तो आजार खरेच होता का? हा प्रश्न भ्रमातून येतो असे म्हणता येत नाही. आजार ओसरल्याने विचार स्वच्छ झाला, म्हणूनही तो येऊ शकतो.

‘जाण’ ही एकच, सरळ गोष्ट नाही, हे १९९० मध्ये ब्रिटिश संशोधक अँथनी डेव्हिड यांनी मांडले. आपल्याला आजार आहे हे मानणे, भासांना भास म्हणून ओळखणे आणि उपचार स्वीकारणे, असे तिचे तीन पदर त्यांनी वेगळे केले. एक असला तरी दुसरा असेलच असे नाही. वेल्लोर येथील संशोधनात भारतीय रुग्ण वैद्यकीय कारण आणि दैवी वा करणीचे कारण एकाच वेळी मानताना दिसले. अशा रुग्णाला सरसकट ‘जाण नसलेला’ ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

काही वेळा शंका अक्षरशः खरी ठरते. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या मेंदूदाहात शरीराची प्रतिपिंडेच चेतापेशींवरील ग्राहकांवर हल्ला करतात. त्याची सुरुवात भास व संभ्रमाने होऊ शकते, म्हणून अनेक रुग्ण आधी मनोविकार विभागात पोहोचतात. उपचार मात्र वेगळेच लागतात. थायरॉइडचे विकार, अपस्मार आणि अमली पदार्थ यांचीही शहानिशा म्हणूनच आवश्यक असते.

भारतीय कायद्यानेही हळूहळू या शंकेला जागा दिली. १९८८ मध्ये घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही. विकाराची तीव्रता पाहावी लागेल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. पूर्वी उपचार घेतले वा रुग्णालयात राहिले, एवढ्यावरूनच आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे तो सांगतो. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा आणि भविष्यातील उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकारही तो देतो.

तरीही एक भेद जपावा लागतो. निदानावर शंका घेणे वेगळे आणि त्या शंकेपोटी औषध परस्पर थांबवणे वेगळे. औषध बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे वारंवार सिद्ध झाले आहे. उपचार चालू ठेवून नोंदी पाहणे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे आणि औषधाची मात्रा बदलायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलणे, हा शंकेचा सुरक्षित मार्ग होय. डॉक्टरांचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे : ‘मला हा आजार नाही’ असे ऐकल्यावर ‘जाण नाही’ असे लिहून मोकळे होण्यापूर्वी ‘तुम्हाला असे का वाटते?’ हे विचारणे.