तार, रिले आणि पंप : दूरसंचार व स्वयंचलनातील व्यावहारिक अवजारांचा इतिहास (विशेष संदर्भ : कर्जत परिसर)

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या शोधांना आणि त्यांच्या जनकांना स्थान मिळते. तो शोध प्रत्यक्ष वापरात आणताना जी लहानसहान अवजारे घडवावी लागतात, ती मात्र इतिहासाच्या पानांवर क्वचितच येतात. तारायंत्राचा शोध कोणी लावला हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. पण ती तार चिखलातून, नदीतून, माकडांच्या आणि वादळाच्या तडाख्यातून कशी नेली गेली, हे शिकवीत नाही. विजेचा पंप आपण पाहतो. पण तो रात्री दोन वाजता शेतात न जाता सुरू व्हावा म्हणून कोणी काय खटपट केली, याची नोंद ठेवत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत हा पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण तालुका. भीमा आणि सीना या नद्यांच्या काठचा काही भाग व कुकडी कालव्याचे क्षेत्र सोडले, तर येथील शेती विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर चालते. अशा प्रदेशात दूरसंचार व स्वयंचलन या दोन गोष्टी चैनीच्या राहत नाहीत. त्यांचा संबंध थेट पाण्याशी, झोपेशी आणि कधीकधी जीविताशी येतो.

दूरसंचाराच्या तारांची कामे आणि घर-शेतीतील स्वयंचलन ही दोन क्षेत्रे वरकरणी भिन्न दिसली, तरी त्यांचे तांत्रिक कूळ एकच आहे हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा पहिला उद्देश आहे. या क्षेत्रांतील उपयुक्त अवजारे बहुधा प्रत्यक्ष कामाच्या अडचणीतून जन्मली, हे ऐतिहासिक उदाहरणांनी स्पष्ट करणे हा दुसरा. आणि श्रम वाचविणाऱ्या अवजाराचा सामाजिक परिणाम तपासणे हा तिसरा. लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

तारेचे काम : भारतातील पहिले प्रयोग

भारतातील तारायंत्राचा प्रारंभ एका वैद्यकाच्या हातून झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ बांबूंच्या आधाराने सुमारे २१ मैल लांबीची तार फिरवून विद्युत संदेशांचे प्रयोग केले. पुढे लॉर्ड डलहौसी यांच्या पाठिंब्याने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही मार्गिका कार्यान्वित झाली आणि १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. तोवर मुंबईही या जाळ्यात आली होती.

ओ'शॉनेसी यांच्यापुढील प्रश्न केवळ विद्युतशास्त्राचा नव्हता. युरोपात वापरली जाणारी बारीक तार येथील पक्षी, माकडे आणि वादळे यांपुढे टिकणारी नव्हती, म्हणून त्यांनी लोखंडाच्या जाड सळया पसंत केल्या. परदेशातील साधन जसेच्या तसे न उचलता येथील परिस्थितीनुसार त्यात बदल करण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

या कामात ओ'शॉनेसी यांचे सहकारी शिवचंद्र नंदी यांचा वाटा विशेष उल्लेखनीय आहे. खांबांसाठी त्यांनी ताडाच्या खोडांचा उपयोग करून घेतला. पद्मा नदीच्या पात्राखालून सुमारे सात मैलांची केबल टाकताना महागडी आगबोट न घेता त्यांनी स्थानिक कोळ्यांच्या होड्या वापरल्या. ताडाचे खोड आणि कोळ्याची होडी ही त्या काळच्या केबलकामाची भारतीय अवजारेच होती. त्यांचे पेटंट कोणी घेतले नाही. घेता येण्यासारखेही ते नव्हते.

पहिले पेटंट : पंखा ओढणारे यंत्र

तारसेवा लोकांना खुली झाल्यानंतरच्याच वर्षी भारतात शोधांच्या संरक्षणाचा पहिला कायदा, म्हणजे १८५६ चा सहावा अधिनियम, झाला. शोधकाला १४ वर्षांचा अनन्य अधिकार देणाऱ्या या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी मार्च १८५६ मध्ये केला. त्यांचा शोध होता पंखा ओढण्याचे कार्यक्षम यंत्र. भारतातील पेटंटांचा इतिहास अशा रीतीने घरगुती स्वयंचलनाच्या साधनानेच सुरू होतो.

ही नोंद केवळ कुतूहलाची नाही. साहेबाच्या दिवाणखान्यातील छताला टांगलेला पंखा व्हरांड्यात बसलेला नोकर दोरीने ओढत असे. यंत्राने वाचणारे श्रम त्या नोकराचे होते. यंत्राची मागणी मात्र मालकाची होती. नोकराला त्यातून विश्रांती मिळणार की त्याची रोजी जाणार, हा प्रश्न अर्जाच्या कक्षेत येत नव्हता. श्रम कोणाचे वाचतात आणि लाभ कोणाला होतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवूनच अवजारांचा इतिहास वाचावा लागतो, हे येथे प्रथम लक्षात येते.

मराठी शोधक : शंकर आबाजी भिसे

घरगुती व यांत्रिक स्वयंचलनाच्या क्षेत्रातील अग्रगण्य मराठी नाव म्हणजे डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५). मुंबईत जन्मलेल्या भिसे यांच्या नावे सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात. किराणा मालासाठी वजन करणारे यंत्र, रेल्वे प्रवाशांसाठी स्थानकदर्शक, स्वयंपाकघरातील उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप अशा नित्याच्या गरजांवरील रचना त्यांत आढळतात. मुद्रणाचे खिळे अतिवेगाने पाडणारे ‘भिसोटाइप’ हे त्यांचे सर्वांत महत्त्वाकांक्षी यंत्र होते.

भिसे यांना दादाभाई नौरोजी यांचा आधार मिळाला आणि पुढे रतनजी टाटा यांनी भांडवल पुरविले. तरीही भिसोटाइप बाजारात स्थिर होऊ शकले नाही. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी अमेरिकेत व्यतीत केला व न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. कल्पकता, पेटंट आणि श्रीमंत आश्रयदाता या तिन्ही गोष्टी असूनही उत्पादनाची साखळी नसेल तर शोध कागदावर राहतो, हा त्यांच्या चरित्राचा निष्कर्ष आहे.

याच काळात अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे विणकरांचे श्रम कमी व्हावेत म्हणून सुधारित हातमाग घडवीत होते. घरात बसून चालविता येईल असे वेगवान यंत्र हे त्यांचे उद्दिष्ट होते. जिल्ह्याला व्यावहारिक अवजारनिर्मितीची परंपरा आहे, हे यावरून दिसते.

रिले : दोन क्षेत्रांना जोडणारा दुवा

तारेतून दूरवर जाणारा विद्युतप्रवाह वाटेत क्षीण होतो. त्या क्षीण प्रवाहाने एक लहान विद्युतचुंबक चालवावा आणि त्या चुंबकाने दुसऱ्या, जोरकस प्रवाहाची कळ दाबावी, ही रिलेची कल्पना १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्री यांनी मांडली. हा शब्द टप्प्याटप्प्यावर बदलल्या जाणाऱ्या ताज्या घोड्यांवरून आला आहे. आपल्याकडील डाकेच्या घोड्यांची व्यवस्था आठवली की कल्पना सहज उमगते.

पुढे दूरध्वनी आला. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तेथे जोडणी हाताने केली जाई. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने १८९१ मध्ये स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळविले. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर दुसऱ्याकडे वळविते, या संशयातून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३–१४ मध्ये सिमला येथे ७०० वाहिन्यांसह सुरू झाले. या केंद्रांतही रिलेचा वापर होत असे.

आता शेतातील पंपाचा स्टार्टर उघडून पाहावा. हिरवे बटण दाबले की वेटोळ्यातून अल्प प्रवाह वाहतो, चुंबक पट्ट्या ओढून घेतो आणि मोटारीला लागणारा मोठा प्रवाह सुरू होतो. तारायंत्राच्या रिलेचाच हा थोरला भाऊ होय.

केबल जोडणाऱ्याचे हात

स्वातंत्र्योत्तर काळात दूरध्वनी जसा पसरला तसे जमिनीखालील केबलचे काम वाढले. आरंभीच्या केबलमध्ये तांब्याच्या तारांभोवती कागदाचे वेष्टन व त्यावर शिशाचे कवच असे. कागद ओलावा शोषून घेई. सांधा नीट झाला नाही तर पहिल्याच पावसात अनेक दूरध्वनी एकदम मुके होत. पुढे प्लास्टिकचे वेष्टन आणि आत जेली भरलेली केबल आली. पाणी आत शिरू नये एवढाच जेलीचा हेतू; पण तिने ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली.

शेकडो तारांतून नेमकी जोडी ओळखण्यासाठी रंगांची पद्धत रूढ झाली. पांढरा, लाल, काळा, पिवळा व जांभळा या पाच रंगांतील एक आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व करडा या पाचांतील एक, अशा संयोगातून २५ जोड्या ओळखता येतात. पाच गुणिले पाच एवढे साधे गणित. पण खड्ड्यात वाकून बसलेल्या माणसाचे तास त्याने वाचविले.

दुसरे अवजार म्हणजे जर्मन कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे ‘क्रोन टूल’. तार सोलायची, पिळायची, डाग द्यायचा, या तीन क्रियांऐवजी ते तारेला खाचेत दाबते. खाचेच्या कडा वेष्टन कापून तांब्याला भिडतात आणि उरलेले टोक त्याच दाबासरशी कापले जाते.

ग्रामीण भागासाठी निर्णायक ठरले ते १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचे १२८ वाहिन्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम कार्यान्वित झाले. परदेशी केंद्रांना वातानुकूलित खोली लागे. हे केंद्र उष्मा आणि धूळ सोसून वातानुकूलनाविना चाले. ओ'शॉनेसी यांच्या जाड सळईमागील विचार आणि या केंद्रामागील विचार यांत दीडशे वर्षांचे अंतर असले तरी तत्त्व एकच आहे : साधनाने परिस्थितीशी जुळवून घ्यावे.

कर्जत परिसर : ऑटोस्विच ते मोबाईल

महाराष्ट्रात कृषिपंपांना वीजपुरवठा ठराविक तासांपुरता आणि अनेकदा रात्रीच्या पाळीत होत आला आहे. वीज गेली की स्टार्टरमधील चुंबक सुटतो व मोटार बंद होते. वीज परतली तरी ती आपोआप सुरू होत नाही. ही रचना सुरक्षिततेसाठी हेतुपुरस्सर केलेली आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की वीज येईल तेव्हा अंधारात, साप-विंचवाचे आणि अलीकडे बिबट्याचे भय घेऊन विहिरीवर जायचे.

यावर गावोगावच्या वायरमन आणि मोटार दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या दुकानांतून ‘ऑटोस्विच’ पोहोचला. वीज येताच तो शेतकऱ्याच्या वतीने हिरवे बटण दाबतो. उपाय स्वस्त आणि झोप वाचविणारा; म्हणून तो झपाट्याने पसरला. मात्र त्यातून नवी अडचण उभी राहिली. वीज परतताच एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. हा एकत्रित भार न सोसून रोहित्र जळते आणि मग साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते. महावितरणने ऑटोस्विच टाळून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे, त्यामागील कारण हेच. एकट्याला सोयीचे असलेले स्वयंचलन सर्वांनी एकाच वेळी वापरले तर ते सर्वांनाच गैरसोयीचे कसे होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच प्रश्नावर पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी वेगळ्या वाटेने विचार केला. वृद्धापकाळातही पंप सुरू करण्यासाठी पायपीट करणाऱ्या आपल्या आजोबांचे कष्ट ही त्यांची प्रेरणा होती. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणात मोबाईल फोन पंपाच्या स्टार्टरला जोडलेला असतो. शेतकरी घरून फोन लावतो, सांकेतिक आकडा दाबतो. त्या आकड्याचा विशिष्ट स्वर यंत्र ओळखते आणि रिलेमार्फत पंप सुरू अथवा बंद करते. वीज आहे की नाही हेही त्याला घरबसल्या कळते. २००९ मध्ये या उपकरणाला नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटात पुरस्कार मिळाला.

आकडा दाबताच उमटणारे हे स्वर १९६० च्या दशकात अमेरिकेत दूरध्वनी क्रमांक फिरविण्यासाठी योजले गेले होते. तारायंत्राचा रिले, दूरध्वनीचा स्वर आणि विहिरीवरचा पंप असा हा एकच धागा आहे. शिवाय येथे पंप केव्हा सुरू करायचा हा निर्णय माणसाकडेच राहतो. ऑटोस्विच माणसाच्या जागी बसतो. मोबाईल स्टार्टर माणसाचा हात लांब करतो. दोहोंतील हा भेद तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून चार निष्कर्ष संभवतात. पहिला, दूरसंचार व घर-शेतीतील स्वयंचलन ही एकाच तांत्रिक परंपरेची अंगे आहेत. दुसरा, टिकाऊ अवजार तेच ठरते जे स्थानिक हवामान, साहित्य आणि कारागिरी यांच्याशी जुळवून घेते. तिसरा, श्रम वाचविणाऱ्या साधनाचे मूल्यमापन करताना श्रम कोणाचे वाचले आणि भार कोणावर पडला, हे दोन्ही पाहणे आवश्यक आहे. पंखा ओढणाऱ्या नोकरापासून जळणाऱ्या रोहित्रापर्यंत हा प्रश्न कायम आहे. चौथा, पेटंट-नोंदीत न आलेल्या अवजारांचा इतिहास लिखित साधनांवरून पुरा होत नाही.

या चौथ्या निष्कर्षाचा संबंध थेट महाविद्यालयांशी आहे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. तांब्याच्या केबलची जागा प्रकाशतंतू घेत आहेत. सांधा जोडणारे, रंगांच्या जोड्या तोंडपाठ असलेले लाइनमन निवृत्त होत आहेत. त्यांच्या पिशवीतील हत्यारे भंगारात गेली की त्यांमागील ज्ञानही जाईल. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्यातील लाइनमन, वायरमन व मोटार कारागीर यांच्या मुलाखती, हत्यारे आणि स्टार्टरच्या पेट्या यांची नोंद करावी. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक वही, एक छायाचित्रक आणि ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.