खेकड्याची कुरकुर

जुन्या गाडीची कुरकुर, धडधड, थरथर यावर सगळेच बोलतात. आमच्या मावळात या विषयाला मोठा इतिहास आहे, आणि तो चक्क रेल्वेच्या इंजिनाचा!

१९२९-३० च्या सुमारास जी.आय.पी. रेल्वेने कल्याण-पुणे मार्गावर वीज आणली. घाटातून मालगाड्या ओढायला ४१ नवी इंजिने घेतली. आराखडा स्विस, पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, बाकीची इंग्लंडात. एकाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले. पण रेल्वेतल्या माणसांनी सगळ्यांनाच नाव ठेवले, खेकडा! उभे असले की कण्हायचे, चालले की डुलायचे. साहेबाचे नाव पाटीवर राहिले, खेकडा तोंडी बसला.

मला यात नुसती थट्टा दिसत नाही, निदान दिसते. चाके थांबलेली असताना कण्हण्याचा आळ चाकांवर कसा घेणार? तेव्हा चालू असतात ते मोटारी थंड ठेवणारे पंखे आणि हवा दाबणारा कॉम्प्रेसर. डुलण्याचे कारण निराळे. या इंजिनात मोटारीची ताकद चाकांना पोचते ती वाफेच्या इंजिनासारखी, दांड्यांनी. शिवाय धड तीन तुकड्यांचे, सांध्यांनी जोडलेले. दांड्यांच्या बेअरिंगात जरा ढिलेपणा आला की ठरावीक वेगाला सगळे इंजिन थरथरते. युरोपातल्या सुरुवातीच्या विजेच्या इंजिनांनी याच दुखण्यापायी इंजिनिअरांना हैराण केले होते. म्हणून आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येतो, हे आधी विचारायचे. डॉक्टर नाही का विचारत, "कधी दुखतं?"

आणि आमच्या घाटात दुखणे अंगावर काढून चालत नाही. कर्जत-लोणावळा चढ ३७ फुटांना एक फूट. उतरताना गाडी आवरली नाही तर ती चढावर नेऊन थांबवायला कॅच सायडिंगचे रूळ मुद्दाम घातलेले आहेत. (आमचे पाहुणे ते बघून "हा रस्ता कुठे जातो?" असे हमखास विचारतात.)

पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याच्या हातोडीने चाके ठोकत जाई. धड चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. बाजारात मडके आपण असेच तर घेतो!

सर लेस्ली विल्सन हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नातवंडांना नेलेत तर आधी बाजूच्या दांड्या दाखवा, रंग नंतर.